समासातलं प्रश्नचिन्ह

ताई आमच्या छापखान्यात बावीस वर्षं प्रूफं मूळ प्रतीशी ताडून तपासतात. लेखकाचा शब्द त्या स्वतः कधी बदलत नाहीत. शंका आली की पेन्सिलीने शब्दाभोवती गोल आणि समासात प्रश्नचिन्ह. अक्षरजुळणी माझ्याकडे, त्यामुळे त्या प्रश्नचिन्हांनी माझा जीव खाल्लाय.

त्यांच्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या. वर्षभर ज्यांचा साधा फोन नव्हता, त्यांच्या घरून ताईंना रोज डबा येऊ लागला. मला तेव्हाच शिसारी आली. भावाच्या थोरल्या मुलाची किडनी जुळत होती, पण त्याला म्हणे नुकतीच नोकरी लागलेली. धाकट्याला सुईची भीती. भावाची बायको तर तपासणीलाच गेली नाही.

"वन्सं, तुमच्या मागेपुढे कोण आहे? तुमचं काय अडणार आहे एका किडनीवाचून?" माझ्यादेखत म्हणाली, आणि वर हसली. बिनलग्नाची बाई म्हणजे यांना सुट्या भागांचं दुकान वाटलं!

"जाऊ दे, देऊन टाकते. कशाला वाद?" ताई मला म्हणाल्या. मला त्यांचाही राग आला.

रुग्णालयात अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे जायच्या आधी वहिनीने बाहेरच्या बाकावर उजळणी घेतली.

"कोणी भरीस घातलं का, असं विचारलं तर?"

"नाही."

"मग का देताय?"

"भावावर माया आहे."

"जरा हसून म्हणा ना, वन्सं!"

मी उठून दारापाशी जाऊन उभा राहिलो.

साक्षीदार म्हणून मीही आत गेलो. ताईंनी सगळी उत्तरं बिनचूक दिली. मग समितीतल्या डॉक्टरबाईंनी संमतिपत्र पुढे सरकवलं. छापील मजकूर दिसला की ताईंचा हात थांबतोय थोडाच! पर्समधून पेन्सिल निघाली, ओळीखालून सरकत गेली आणि एका शब्दाशी अडली. गोल. समासात प्रश्नचिन्ह.

"हे काय केलंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

शब्द होता 'स्वखुशीने'.

ताई दचकल्या. "सवय हो, चुकून झालं." त्यांनी घाईघाईने खोडरबर काढला, कागदावर टेकवला. पण हात काही हलेना.

"शुद्धलेखन चुकलंय का?"

"नाही. शुद्धलेखन बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "मूळ प्रतीशी जुळत नाही."

डॉक्टरबाईंनी फाइल मिटली. बाहेर वहिनी लगबगीने उठली. "झाली ना सही?"

"नाही," ताई म्हणाल्या. "थोरल्याला बोलवा, वहिनी. त्याची जुळते."