पंख्याला हूकच नाही

मंडळी, आज डोकं इतकं तापलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जयनगरच्या आमच्या जुन्या भाड्याच्या घरात छताला पंख्याचा हूकच नाही. तेव्हा इथली हवाच इतकी थंड, की बांधणाऱ्याला गरजच वाटली नव्हती. आम्हीही इतकी वर्षं टेबलफॅनवर निभावलं. यंदा मात्र हात टेकले आणि पंखा आणला.

छताला भोक पाडायचं म्हणून सकाळी खाली घरमालक अण्णांना विचारायला गेले. अण्णा त्यांच्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाले, "यंदा स्वल्प सेके अक्का, अडजस्ट माडी."

म्हणजे थोडासा उकाडा आहे, सांभाळून घ्या! दहा वर्षं दर उन्हाळ्यात हेच ऐकतेय. एखादं वर्ष कडक जातं, मान्य. दरवर्षीच तसं जात असेल तर ते 'यंदा' कसलं? सगळं जग तापतंय हेही खरं. पण मागचं तळं बुजवून इमारती कुणी उभ्या केल्या? अंगणाअंगणात काँक्रीट कुणी ओतलं? आणि आता हवामानाकडे बोट दाखवून मोकळे!

माझा पारा चढला. "अण्णा, दारातला एवढा मोठा करंज तुम्हीच तोडलात ना? मग घर तापणार नाही तर काय?"

अण्णा जराही चिडले नाहीत. म्हणाले, "हौदु अक्का, हो, तोडला. कारला जागा पाहिजे म्हणून तुम्हीच मागे लागला होता."

पंखा अजून खोक्यातच आहे. खिडकीतून गाडी दिसतेय, भर उन्हात उभी.

तुमची गाडी उभी राहते तिथे आधी काय होतं, आठवतंय?