उपडी बादली

रुडीसाहेब जर्मन होते, पण मराठी बोलायचे ती थेट पारनेरची. बोअर मारणाऱ्या मजुरांकडूनच शिकले होते ना! मी गावचा शाळामास्तर, मला म्हणायचे, "गुरुजी, तुमची मराठी लई अवघड हाय." बहात्तरच्या दुष्काळात ते यंत्रगाडी घेऊन आमच्या गावी आले. बोअरमधून निघालेली दगडाची भुकटी जिभेवर ठेवून बघायची त्यांना खोड होती. "मानूस फसवतो, दगूड न्हाई," असं वर ऐकवायचे.

त्यांच्या जीपच्या दारावर एक ढाल रंगवलेली होती आणि ढालीवर उपडी बादली. निवडणुका नुकत्याच झालेल्या. आमचे सरपंच नाना, त्यांना वाटलं ही पक्षाची निशाणी.

"सायेब, ह्यो कोनता पक्ष? आन् बादली उपडी का, डिपॉझिट गेलं का काय?"

"आमच्या गावाचं निशान हाय, नाना. तिकडं हरेक गावाला असतं." मग त्यांनी शांतपणे सांगितलं, "लई जुनी गोष्ट. शेजारच्या गावाला आग लागली. मानसं पळत आली, पानी मागाया लागली. आमच्या लोकांनी बादल्या उपड्या घातल्या. म्हनले, आमालाच पुरनार न्हाई. ते गाव जळालं. मग राजानं हुकूम काढला, हेच तुमचं निशान."

"आता कुठं राजा राहिलाय? पुसून टाकायचं."

"पुसलं की इसरनार."

आपली लाज कुणी आपल्याच दारावर रंगवतं का, म्हणून गाव आठवडाभर हसत होतं.

चावडीपुढचा बोअर कोरडा गेला. देवळामागचाही गेला. तिसरा साहेबांनी ओढ्याकाठी, बौद्धवाड्यात मारला आणि तिथे पाणी लागलं. नानांचं तोंड बघण्यासारखं झालं. वाड्यातल्या बायकांना गावविहिरीला कधी हात लावू दिला नव्हता. कुणाला दया आली तर वरून पाणी वाढायचे. आता ती विहीर आटलेली, टँकरचा भरवसा नाही, आणि नवा हातपंप त्यांच्या अंगणात.

गाव थोडे दिवस ताठ राहिलं. मग तहानेपुढे विटाळ कुठला? एका सकाळी नाना बायकांना घेऊन पंपाशी गेले. रिकामे हंडे घेऊन सगळे लांबच उभे राहिले. पंपाच्या दांड्यावर वाड्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या भागाबाईंचा हात होता. साहेब बोल्ट आवळत होते.

नाना हळूच म्हणाले, "सायेब, तुमी सांगा की त्यांना."

"मी कोन? पंप त्यांचा हाय."

भागाबाईंनी एकेका रिकाम्या हंड्याकडे पाहिलं. मला मनातून भीती वाटत होती, आणि नाही म्हणाल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता. शेवटी त्यांनी दांडा सोडला.

"भरा, नाना. वरून वाढाया आमी कुनाला ठेवलं न्हाई, आपल्या हातानं भरा. आन् ती बादली रंगवायची झाली तर तुमच्या चावडीवर रंगवा. आमच्या दारावर नको."

रुडीसाहेबांनी टोपी काढून त्यांना हात जोडले. पुढे यंत्र घेऊन ते दुसऱ्या गावाला गेले, ते परत आले नाहीत.

चावडीला त्यानंतर कितीदा चुना लागला. उपडी बादली तिथे कुणी रंगवली नाही. रंगवायला हवी होती.