भाऊजींचं उंच छत

आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, सगळ्यातलं सगळं कळतं. डॉक्टरला औषध कोणतं द्यायचं आणि न्हाव्याला कात्री कशी धरायची हे ते तोंडावर सांगतात.

त्यांचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. ताई दिवसभर तिथंच शिवणयंत्रावर बसून लोकांचे कपडे शिवते. गेल्या उन्हाळ्यात ती शिवता शिवता चक्कर येऊन पडली. पुन्हा एक उन्हाळा अशा उकाड्यात काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून छताचं काम निघालं.

काम ताईसाठी, पण हौस भाऊजींची. कुठल्याशा मासिकात त्यांनी आढ्यापर्यंत उघडी खोली पाहिली होती. झालं! पत्र्याखालचं जुनं सपाट छत काढायचं ठरलं. कारागीर बिचारा शहाणा होता. पत्र्याखाली वाशांच्या मध्ये वीतभर जाड काचेची लोकर भरू, वरून फळ्या मारू, आणि लोकर दाबायची मात्र नाही, तिच्यात अडकलेली हवाच ऊन अडवते, असं त्यानं दोनदा समजावलं. भाऊजी हसले. वीतभर उंची हवेच्या नावानं घालवायची? त्यांनी स्वतः शिडीवर उभं राहून फळीनं ती लोकर पापडासारखी चेपून घेतली, दोन बोटांची केली. कारागिरानं हात जोडले आणि सांगितलं तसं केलं.

खोली दिसायला देखणी झाली, खोटं कशाला बोलू. आल्यागेल्याला भाऊजी मान वर करायला लावायचे. ऊन तापायला लागलं तशी ताई घामानं निथळू लागली. तिनं दोनदा सांगितलं, तर म्हणे नव्या छताची सवय व्हायला वेळ लागतो. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. यंत्र रिक्षात घातलं आणि माझ्याकडे आली. मला असा संताप आला होता की काय सांगू!

आठ दिवसांनी भाऊजी न्यायला आले. दोन पंखे लावलेत, आता खोली अगदी झकास आहे, असं अर्धा तास ऐकवलं. ताईनं कापडावरून नजरही काढली नाही.

"तुम्ही बसता का दुपारी तिथं?"

"मी ऑफिसात असतो."

"आणि रविवारी?"

खोटं बोलायची कला तेवढी त्यांना येत नाही.

"रविवारी वाचनालयात जातो. तिथं गार असतं."

ताईनं सुईत दोरा ओवला आणि यंत्र सुरू केलं.