सहीच्या आधी वाचायचं

मंगळवारी संध्याकाळी स्नेहल माझ्या घरी पुढच्या सोप्यात बसून चहा प्याली आणि बुधवारी सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. "आक्का, स्नेहल न्हाय ऱ्हायली." मी त्याच्यावर चक्क रागावले. म्हटलं, अरे, काल तर इथं होती. तिकडून तो सांगत राहिला... डोकं दुखतंय म्हणून गोळी घेऊन झोपली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली. एकोणतीस वर्षांची पोर. महिना होऊन गेला, तरी मला हे पटलेलं नाही. अजून संध्याकाळी माझ्या हातून दोन कप चहाचं आधण पडतं.

सीमाभागात, उचगावच्या पलीकडं आमचं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीत आम्ही दोघी सदस्य, दोघीही महिलांच्या राखीव जागेवरच्या. मला निवडून आणलं ते आमच्या यजमानांनी, आणि मीटिंगलाही तेच जायचे. माझं काम सहीचं. शिपाई ठरावांचं बुक घेऊन घरी यायचा, मी पिठाचे हात पदराला पुसायची आणि तो बोट ठेवील तिथं सही करायची. मग चहा पिऊन तो पुढच्या बाईच्या घरी. बुक कन्नडमध्ये, इथला सरकारी कारभारच कन्नड. कन्नड आम्हाला कळतं, बाजारात भांडतासुद्धा येतं, पण वाचायच्या नावानं बोंब.

स्नेहल निपाणीकडची. उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात होती, बसनं जाऊन-येऊन करायची. जागा राखीव झाली तेव्हा गावातल्या मोठ्या माणसांनी देवळात बसून तिचं नाव काढलं. कारण एकच. "नवी सून हाय, तोंड वर करून बोलायची न्हाय." या माणसांनी उभ्या आयुष्यात एवढी मोठी चूक केली नसेल. तिची शाळा कन्नडमधून झालेली, पण ते विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिला तरी कुठं हौस होती? सासऱ्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून तिनं फॉर्म भरलेला.

पहिल्यांदा बुक तिच्या घरी गेलं, तेव्हा तिनं शिपायाला अर्धा तास बसवून ते वाचून काढलं. मग बुक घेऊन तडक माझ्याकडं आली.

"आक्का, गेल्या म्हैन्यात बायकांची ग्रामसभा झाली, आन् त्यात तुम्ही बसस्टॉपवर दिवा पायजे म्हणून बोललाय."

"मी? मी तर रताळी काढत होतो गं त्या दिवशी."

"मग खाली सही कुणाची?"

सही माझीच. मला इतकी लाज वाटली की तिचाच राग आला. आली मोठी शहाणी, असं मनात म्हणून मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तीच आली. त्या स्टॉपवर ती रोज अंधारात उतरायची. म्हणाली, "आक्का, न झालेली सभा आता करूया की." घरोघर जाऊन आम्ही बायका गोळा केल्या. समाजमंदिरात बसायला जागा पुरेना. तिथं मी दिव्याबद्दल खरोखर बोलले. पुढं दिवाही लागला. त्यानंतर घरी आलेल्या बुकावर आम्ही दोघींनी सही केली नाही. मीटिंगला मी स्वतः जायला लागले. यजमान आठ दिवस फुगून बसले, मग त्यांनाच कंटाळा आला.

कामावरून आली की ती मला अक्षरं शिकवायची. त्या शेवटच्या मंगळवारी म्हणाली, "पुढच्या मीटिंगला ठराव तुम्ही वाचायचा."

"लोकं हसतील गं."

"हसू देत. सहीच्या आधी वाचायचं, आक्का. बास."

मी म्हटलं, बघू. एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

तिचा दहावा झाला आणि दुसऱ्या दिवशी शिपाई बुक घेऊन दारात. "स्नेहलताईंचा दुखवट्याचा ठराव हाय. पंचायतीचं सायेब म्हणालं, तुमी यायला नगो, सही तेवढी द्या." माझे डोळे भरलेले. त्यानं बोट ठेवलं आणि मी सही केली... तो बुक मिटायला लागला तेव्हा मला तिचं नाव दिसलं. तिच्याच ठरावावर मी न वाचता सही केली होती.

"बस हितं," म्हटलं त्याला, आणि अक्षराखाली बोट धरून वाचायला लागले. शेवटच्या ओळीपर्यंत यायला पुरता अर्धा तास गेला. तिथं लिहिलं होतं, सर्व सदस्यांनी सभागृहात दोन मिनिटं उभं राहून मौन पाळलं. कोण उभं राहिलं होतं? कधी?

बुक काखेत मारलं आणि तशीच पंचायतीत गेले. शिपाई मागून "आक्का, बुक... आक्का, बुक" करत येत होता. अध्यक्षांना फोन करायला लावून सगळ्या सदस्यांना बोलावलं. शेवटचा माणूस येईपर्यंत माझ्या खुर्चीवर बसून राहिले. मग ठराव मोठ्यानं वाचला, अडखळत, दोनदा मागं जाऊन. कुणी हसलं नाही. शेवटची ओळ वाचून म्हटलं, "ह्ये आजून झालेलं न्हाय. उठा."

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. शेजारची तिची खुर्ची तेवढी हलली नाही. दोन मिनिटं झाली, सगळे बसले, मला मात्र बसवेना. उभ्या उभ्याच बुक पुढं ओढलं. साहेब म्हणाले, "आक्का, तुमची सही झालीय की."

घरी केलेली ती सही मी खोडली आणि तिच्याखाली नवी केली.