फाटक्या खिशातला भंडारा

मी देवाला टाळलं हुतं, ते आधी सांगतो. म्हंजी पुढचं वाचून कुनी मला मोठा भक्त समजायला नको. आमच्यात लगीन झालं की आधी जेजुरीला जायाचं. तिथं नवऱ्यानं नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, मंग खंडोबाचं दर्शन, मंग संसार. आता माझं आंग म्हंजी कडब्याची पेंडी. टेम्पो चालवतो, पर शिटवर मी बसलोय का नुसती टोपी ठेवलीय, ते लांबून कळत न्हाई. आनि आमची मनीषा जामखेडच्या पैलवानाची लेक. पाच पायऱ्या लांबच, माझ्याच्यानं एक बी हुनार न्हाई हे मला हळदीलाच कळलं. सगळ्या भावकीपुढं आपटलो असतो तर कर्जतच्या ष्टँडवर मला कुनी सुखानं च्या पिऊ दिला नसता. म्हनून आईला थाप मारली, फिरायला जायाची तिकिटं आधीच काढल्यात, जेजुरी परत आल्यावर करू.

फिरायला म्हंजी हिमाचलला. मनीषा टँकरच्या पान्यावर वाढलेली. जिथं पानी उघड्यावर गोठून पडलंय आनि कुनी हंडा घिऊन रांगंत उभं न्हाई, ते एकदा बघायचं, एवढीच तिची हौस. निघताना आईनं पेपरच्या कागदात दोन चिमटी भंडारा बांधून माझ्या हातात दिला. आनि परत चुलीकडं वळली.

तिथं एक म्हातारा गाईड हुता. धा-बारा मान्सं घिऊन त्यो दरीतनं चालत न्यायचा, पार हिमनदीपस्तोर. नदीच ती, पर गोठलेली, दोन डोंगरांच्या मधी निजलेली. वर जायाच्या आधी समद्यांना भाड्यानं जाड कोट आनि खिळ्याचे बूट घ्याया लागतात. मी तांबडा कोट उचलला, गुडघ्यापस्तोर आला, वावरातलं बुजगावनं दिसत हुतो. मनीषा म्हनली, खिसा फाटकाय, दुसरा बघा. मी म्हनलो, रंग चांगलाय, फोटोत उठून दिसंल. आनि शर्टाच्या खिशात मोबाईलला हळद लागती म्हनून पुडी त्याच फाटक्या खिशात टाकली. अक्कल वाटत हुते तवा मी डिझेल भरायला गेल्तो.

गाईडनं एकच गोष्ट तीनदा सांगितली. माझ्या मागं एका रांगंत चाला, रांग सोडू नका, बर्फाच्या खाली पोकळ असतं. मी वाटभर टवाळी करत हुतो, समदे हासत हुते, आनि मान्सं हासली की मला माझा पाय कुठं पडतोय ते दिसत न्हाई. डाव्या अंगाला एका उंचवट्यामागं बर्फाची निळी भित दिसली. मनीषा म्हनली, आपन रांगंतच राहू. मी म्हनलो, एक फोटो, लगीच मागं येऊ. फोटो काढला, अजून एक काढला. आनि तेवढ्यात ढग खाली आला.

असा ढग मी कवा बघितला नव्हता. वर पांढरं, खाली पांढरं, डोंगर गेला, मान्सं गेली, आपला हात पुढं केला तर बोटं पुसट. हाका मारल्या, त्या तोंडापाशीच विरल्या. बर्फ घट्ट हुता, तिथं रोज शेकडो मान्सं फिरत्यात, खिळ्याच्या खुना चारी बाजूला, आपली कंची ते कळंना. मी जोरात म्हनलो, हिकडनंच आल्तो, आनि दोन पावलं गेलो. मनीषा मागनं आली तर तिचा पाय गुडघ्यापस्तोर आत गेला. वढून काढला तर घोट्यात मुरगाळलेला, टेकवंना. त्या भोकातनं खाली पानी वाहायचा आवाज येत हुता. जल्मात मला पान्याच्या आवाजाची भीती वाटली न्हाई, तवा वाटली.

किती टाइम गेला सांगता येत न्हाई. तिचे दात वाजायला लागले, मंग वाजायचे थांबले, त्येचं मला जास्त भ्या वाटलं. तिला ठिवून गाईडला शोधायला जावं तर परत ती सापडायची न्हाई. बसावं तर ती डोळे मिटायला लागली. तिनं माझी बाही धरून ठिवली हुती. तवा मी रडलो, आनि जे कुनाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं.

"मने, तिकिटाची थाप हुती गं. तुला उचलाया येनार न्हाई म्हनून मी जेजुरी टाळली."

तिनं डोळे उघडले.

"मला म्हाईतंय. हार घालताना तुमी टाचा वर केल्या, तवाच कळलं."

मी मनात म्हनलो, देवा, मला आता वाट बी कळत न्हाई आनि लाज बी उरली न्हाई, तू बघ. खाली वाकलो, तिला पाठीवं घ्यायला, तर मान वळली. आनि बर्फावर पिवळा ठिपका दिसला. त्येच्या पुढं हातभर आनखी एक. मी खिशात हात घातला तर बोटं खालनं भाईर. सुटलेल्या पुडीचा नुसता कागद अडकलेला.

मनीषा पाठीवं, नाक बर्फाकडं, असा मी निघालो. पाच पावलं टाकली की गुडघ्यावं बसायचो. मंग परत पाच. मुद्दाम मोजली न्हाईत, दमच तेवढा हुता. एके ठिकानी ठिपका दिसंना. वाटलं, संपला. काय करावं कळंना म्हनून नुसता उभा राह्यलो. तेवढ्यात समोरनं ढगातनं म्हातारा आला, वाकून, जमिनीकडं बघत. त्यो बी पिवळ्याच्याच मागं येत हुता.

"बेटा, वहीं रुको. हिलना मत," त्यो म्हनला.

त्यानं काठी माझ्या म्होरं, हातभर उजवीकडं रोवली. काठी आख्खी आत गेली.

दोन चिमटी भंडारा एवढ्या वाटंला कसा पुरला, ते मी कुनाला इचारलं न्हाई. वाऱ्यानं का उडाला न्हाई, ते बी न्हाई. शिकलेल्या मान्साला सांगता येत आसंल. मला एवढंच कळतं, की मोबाईल मी नीट जपला, त्याला तिथं रेंज नव्हती. आनि जे खिशातनं सांडलं, त्यानं आमाला घरी आनलं.

घोटा बरा झाल्यावर जेजुरीला गेलो. भावकी समदी आल्ती, मजा बघायला. आईला खरं सांगून टाकलं हुतं, ती म्हनली, "ल्येका, देवाला वजन म्हाईत नसतं व्हय?" मनीषाला उचललं. तिसऱ्या पायरीला पाय लटपटले, मागनं कुनीतरी हासलं. पाचवी चढलो तवा तिनं कानात हळूच सांगितलं, "अहो, आता टाचा खाली टेका."

टाचा टेकल्या. मंग भंडाऱ्यानं मूठ भरली, आनि ह्या टायमाला खिशात न ठिवता वर उधळली.