खुशालरावांचा रोजचा सदरा

खुशालराव आमच्या फाटकाला सायकल टेकवतात तेव्हा माझी पूजेची भांडी घासून व्हायची असतात. बडनेऱ्याच्या पलीकडे त्यांचं फुलांचं वावर आहे. तिथून अमरावतीच्या फूलबाजारात आणि मग आमच्या कॉलनीत, असा सायकलवरचा त्यांचा फेरा. माझ्या देवघरातल्या रुक्मिणीमायला एकोणीस वर्षं त्यांच्याच हातची फुलं आहेत. त्यामुळे त्यांच्याविषयी लिहायचं तर माझ्या चुकीसकट लिहायला हवं.

मैनाबाई, त्यांची बायको, गेली त्याला चार वर्षं झाली. मुलगा योगेश अकोल्यात मोबाइलच्या दुकानात आहे. लग्न जमताना त्यानं सासरी सांगितलं, आमच्या बाबांची मोठी नर्सरी आहे. लग्नानंतर दोन वर्षांत तो एकदाही घरी आला नाही. आला तर सून रागिणी सोबत येणार, आणि तिला नर्सरी कुठली दाखवणार?

श्रावणात एक दिवस खुशालराव फाटकातूनच ओरडले, "वैनी, मले मॉडेल केलं!"

सायकलची नवी सीट काढणाऱ्या कुठल्याशा कंपनीची आरती नावाची मुलगी फूलबाजारात आली होती. जाहिरातीला शहरातली गोरीगोमटी पोरं नकोत, रोज सायकल चालवणारी खरी माणसं हवीत, असं ती म्हणाली. वाढलेली दाढी, चिखलाची पँट, खांद्यावर ठिगळ लावलेला सदरा अशा अवतारात खुशालराव तिला दिसले आणि तिनं तिथंच त्यांचं नाव लिहून घेतलं.

"अकोल्याले बी बोर्ड लागते म्हणे," ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या बोर्डावर बाप दिसला का मंग त्याले नर्सरी कशाले पायजे? सुनेले घेऊन येईनच तो दसऱ्याले." योगेशला फोन करून त्यांनी सांगूनही टाकलं होतं. तो नुसता "बरं" म्हणाला.

मग जरा घुटमळले. "पण ते पोरगी म्हणे, रोज येता तसेच या. म्हंजे कसं?"

"अहो, तसं म्हणायचंच असतं," मी म्हटलं. "पत्रिकेत आहेर आणू नये छापतात, म्हणून कोणी रिकाम्या हातानं जातं का?"

त्यांना ते पटलं. मलाही ते बोलताना फार शहाणपणाचं वाटलं होतं. आमच्या यांचा क्रीम रंगाचा कोरा शर्ट मी इस्त्री करून त्यांना दिला. देवीपुढे साखर ठेवली.

रविवारी वडाळी तलावावर मीही गेले, कारण "वैनी, मले तिच्यासारखं बोलता येत नाही" असं त्यांनी विनवलं होतं. खुशालराव ओळखू येत नव्हते. श्याम न्हाव्याकडून गुळगुळीत दाढी, मिशी काळी केलेली, कपाळाला गंध. सायकल रॉकेलनं पुसून चकाचक, हँडलला झेंडूची माळ. रोजचा सदरा पिशवीत घालून मागे बांधलेला, कारण फोटो झाला की तसंच वावरात जायचं होतं.

आरतीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फुलवाले काका कुठे आहेत?"

"मीच तो," खुशालराव हसून म्हणाले.

फोटोवाल्या कुलदीपनं कपाळाला हात लावला. "यांना कोणी नटवलं? सरपंच वाटून राहिले हे."

"काका, दाढी परत यायला किती दिवस लागतील?" आरतीनं खरोखर विचारलं.

"आठ-धा दिवस."

"आमची गाडी संध्याकाळची आहे."

मी सांगायला हवं होतं की यात त्यांचा दोष नाही. पदर सारखा करत उभी राहिले.

कुलदीपनं इकडं तिकडं फोन केले. तासाभरानं व्यायामशाळेतला शिवम नावाचा एक मुलगा आला. दाढी होती, ती चालण्यासारखी होती. कपडे मात्र नवे होते. तेवढ्यात आरतीला पिशवीतून बाहेर आलेली बाही दिसली. "काका, तो शर्ट देता?"

खुशालरावांनी सदरा काढून झटकला, घडी नीट केली आणि दिला. खांद्यावर फुलांच्या पाटीची दोरी घासायची, तिथं मैनाबाईनं निळ्या लुगड्याचं ठिगळ लावलेलं. शिवमनं नाकाला लावून पाहिला. "बाप रे, काका! धूत नाही का कधी?" सगळे हसले. खुशालरावही हसले.

मग त्यांच्या चकचकीत सायकलला चिखल फासला आणि शिवमला तिच्यावर बसवलं. एक चंदेरी पत्रा धरायला माणूस हवा होता, शिवमच्या तोंडावर ऊन पाडायला. तो खुशालरावांच्या हातात दिला. यांच्या क्रीम शर्टात, गंध लावलेले खुशालराव दुपारपर्यंत तो पत्रा धरून उभे होते. मध्येच म्हणाले, "पाटी असली का हँडल असं नाही धरत बाप्पा. अंगठा खाली घे."

"काका, हलू नका," कुलदीप म्हणाला.

सदरा अजून लागेल म्हणून ते लोक घेऊनच गेले. परत आला नाही.

गणपतीत एका सकाळी खुशालराव फाटकाशी फुलं मोजत होते तेव्हा फोन वाजला. ऐकू कमी येतं म्हणून ते स्पीकर लावतात.

"बाबा, बोर्ड लागला इथी." योगेश होता. "मी तं घाबरूनच गेलो. सदरा दुरूनच ओळखला, आईचं ठिगळ. जवळ जाऊन पायलं तं तोंड दुसऱ्याचंच! बरं झालं बाप्पा. तुमचं असतं तं मले दुकानात तोंड दाखवता आलं नसतं."

"रागिणीनं पायला का?"

"पायला ना. म्हणे, हा कोण? म्हटलं, मले काय माहीत."

"मंग दसऱ्याले येशीन?"

"पाहू." फोन बंद झाला.

मी ताट पुढे धरून तशीच उभी होते. खुशालरावांनी माझी फुलं मोजून घातली, वर एक ओंजळ जास्तीची घातली.

"ओळखला वैनी त्यानं सदरा," ते म्हणाले. "दुरूनच ओळखला."

यांचा क्रीम शर्ट त्यांच्या अंगावर होता. खांद्यावर, दोरीच्या जागी, विरायला लागला होता.