गुरुजींच्या गाडीची शिट्टी

हे माझ्या बायकोलासुद्धा माहीत नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगताना काही गाळायचं नाही, एवढंच ठरवलंय.

कोल्हापुरात, उद्यमनगरात माझं गॅरेज होतं. माझं नाव होतं ते कानासाठी. बॉनेट न उघडता, नुसतं ऐकून मी इंजिनचं दुखणं सांगायचो. लोक तेवढ्यासाठी लांबून यायचे. पण नव्वदचं दशक संपत आलं तसे बारीक, तीक्ष्ण आवाज मला ऐकू येईनासे झाले. मुलीच्या मनगटावरच्या घड्याळाचा गजर व्हायचा, ती तो बंद करायची, आणि तो वाजला हेच मला कळायचं नाही. डॉक्टरकडं गेलो नाही. कशाला जाणार? कान गेलेल्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणणार?

माझ्या हाताखाली सदाशिव होता. पस्तिशीचा, दहा वर्षं माझ्याजवळ. बोलायचा कमी. कान मात्र त्याचा पक्का होता — माझा चांगला होता तेव्हाच्यापेक्षाही.

एका सकाळी गारगोटीचे मगदूम गुरुजी त्यांची डिझेल गाडी घेऊन आले. सुरू केली की शिट्टी वाजते म्हणाले. त्यांना समोर चहाला बसवलं आणि आम्ही दोघांनी गाडी चालू केली. मला इंजिनची घरघर ऐकू आली. शिट्टी — नाही.

अशा वेळी एक साधी परीक्षा असते. फिरत्या बेल्टवर थोडं पाणी टाकायचं. शिट्टी क्षणभर थांबली किंवा बदलली, तर दोष बेल्टचा. काहीच फरक पडला नाही, तर बेल्ट ज्यांच्यावरून फिरतो त्या चाकांपैकी कुणाचं तरी बेअरिंग चाललंय. मी पाणी टाकलं आणि म्हणालो, "थांबली. बेल्टच हाय."

सदाशिवनं माझ्याकडं बघितलं. "मिस्त्री, वाजतीया की अजून. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग वाटतंय."

त्याच वेळी मान्य करता आलं असतं, नाही का? निदान 'तू बघ' म्हणता आलं असतं. मी त्याला म्हणालो, मला शिकवू नकोस. नवा बेल्ट घातला आणि — हे मुद्दाम सांगतो — नेहमीपेक्षा जास्त ताणला. खराब बेअरिंगवर ताण वाढवला की ते लवकर जातं, हे मला ठाऊक होतं. गुरुजींना सांगितलं, बेल्ट नवा आहे, बसेपर्यंत थोडं वाजेल.

आठ-दहा दिवसांत त्यांचा धाकटा भाऊ कोल्हापुरात दवाखान्यात पडला. तो फार तर आजचा दिवस काढेल असा निरोप आला, म्हणून गुरुजी आईला घेऊन निघाले. वाटेत पंप जाम झाला, बेल्ट तुटला, इंजिन तापून बंद पडलं. भर उन्हात म्हातारीला घेऊन ते रस्त्याकडंला उभे राहिले. एसटी मिळून पोचले तोवर भाऊ गेलेला होता.

दुखवट्याचे दिवस सरल्यावर गुरुजी गॅरेजवर आले. रागावलेले नव्हते. फक्त विचारलं, "मिस्त्री, बेल्टचं काम कुणी केलं होतं?"

सदाशिव चार हातांवर चाक काढत बसला होता.

"सदानं," मी म्हणालो.

तो बोलेल असं वाटलं — तो चाकाचे नट सोडवत राहिला. गुरुजी त्याच्याजवळ गेले. म्हणाले, "आई रोज विचारतीया, गाडी आणखी तासभर का चालली न्हाय म्हणून. तिला काय सांगू?" सदाशिवनं मान खाली घातली. आणि मी? मी पाना पुसत उभा होतो.

संध्याकाळी हात धुताना तो म्हणाला, "तुमास्नी ऐकू येत न्हाय, हे मला वरीसभर ठावं हाय. कुणाला सांगणार न्हाय मी. पर उद्यापासनं येणार न्हाय."

उद्यमनगरात दुसऱ्या कुणी त्याला ठेवलं नाही. ठेवणार कसं — बेल्टची ती गोष्ट मीच चार गॅरेजात पसरवली होती. तो इचलकरंजीला यंत्रमाग दुरुस्तीच्या कामावर लागला. गाडीला पुन्हा हात लावला नाही म्हणतात.

गुरुजी पुढं कितीतरी वर्षं गाडी माझ्याकडंच आणत राहिले. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "तुमच्याकडचा तो सदाशिव गेला ते बरं झालं."

मी 'व्हय' म्हणालो.